दसऱ्याच्या अक्षता

दसरा झाल्यापासून घरचा कंप्युटर सारखा हँग होऊन राहिला होता, म्हणून राइट टाउनहून मेकॅनिक बोलावला. त्यानं डबा उघडला, पंख्यात अडकलेले कुंकू लावलेले तांदूळ चिमट्यानं वेचून काढले आणि हसला.

"अंकलजी, आंटी को बोलिए, पूजा के चावल मशीन पर न डालें. पंखा जाम हो गया, इसीलिए गरम होके हँग हो रही है."

"अच्छा, बोल दूँगा," मी म्हणालो.

दर दसऱ्याला मी याच गोष्टीवरून शैलजावर चिडायचो. तिची पाठ वळली, की कंप्युटरवरच्या अक्षता झटकून टाकायचो.


यंदा तिच्या फोटोला हार घातल्यावर कंप्युटरवर अक्षता मीच टाकल्या. झटकायला मात्र हात धजला नाही.