मंगळवारची मीटिंग

"कुठं चाललात?" रिबेकाने विचारलं.

"मीटिंग," पिन्हास म्हणाला. "युनियनची."

सलग सहावा मंगळवार. इस्रायलात येऊन डिमोनाच्या कारखान्यात अठरा वर्षं काढलेल्या माणसाला युनियनची आठवण आत्ताच कशी झाली, हे तिने विचारलं नाही. विचारल्यावर नवरे खरं बोलतात, असं काही तिच्या पाहण्यात नव्हतं.

जाण्याआधी तो बराच वेळ स्वयंपाकघरात होता. पाण्याचा ग्लाससुद्धा हातात मागणारा माणूस!

गेला दीड महिना त्याचं वागणंच बदललं होतं. कामावरून येताना सूर्यफुलाच्या बियांची पुडी आणून तिच्यापुढे ठेवायचा. जेवणानंतर "चल, जरा पाय मोकळे करू," म्हणायचा. शनिवारी तिचं डोकं उठे आणि ती त्याच्यावर उगाच खेकसे. पूर्वी तो उलट बोलायचा, आता मुकाट्याने थर्मासमधला चहा ओतून द्यायचा. आणि घरात शिरण्याआधी जिन्यातच किल्ल्या वाजवायचा, जणू कुणाला वर्दी द्यायची होती.

पंचवीस वर्षांच्या संसारात नवरा अचानक इतका गोड झाला, की पाणी कुठेतरी मुरत असणारच. काल शेजारच्या युडिथने ते कुठे मुरतंय तेही सांगितलं.

"तुझा पिन्हास गेल्या मंगळवारी कुपातच्या, आपल्या त्या विम्याच्या दवाखान्यात शिरला गं. पाच वाजता. दवाखाना तर चारला बंद होतो. ती नर्स हाय ना, पनिना, तिनंच दार उघडलं."

"आसंल काही काम," रिबेका म्हणाली. त्या दिवशी तिची भाजी करपली.

आज ती त्याच्या मागोमाग निघाली. निघताना तांदळाच्या डब्याचं झाकण तिरकं दिसलं. म्हणजे आता त्या बयेला घरचे तांदूळही? तिने झाकण रागाने दाबून बसवलं. नेहमीसारखी लिंबाची फोड बोटांना चोळली, बडीशेप तोंडात टाकली आणि जिना उतरली.

दवाखान्याची मागची खिडकी उघडी होती. आत पनिना होती, पण एकटी नव्हती. आठ-दहा पुरुष खुर्च्यांचं रिंगण करून बसले होते. भिंतीवर हिब्रूत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'सिगारेट सोडायची आहे? आम्ही मदत करू.'

रिबेका भिंतीला टेकली. बाईची भानगड नव्हती. तरी ती घरी वळली नाही, खिडकीच्या आणखी जवळ सरकली.

"पिन्हास, तुमचं सांगा," पनिना म्हणाली.

पिन्हास मोडक्यातोडक्या हिब्रूत बोलू लागला. "आधी दिवसाला बारा होत्या. आता पाच. बियांचा उपयोग झाला, चालण्याचाही. शनिवार मात्र वाईट. शब्बाथला विस्तव पेटवायचा नाही, म्हणून शुक्रवारी दिवे लावल्यापासून शनिवारी रात्री तीन तारे दिसेपर्यंत ओढायची नाही. मग डोकं उठतं, घरच्या माणसावर राग निघतो."

"अशा वेळी घरच्यांनी उलट बोलू नये," पनिना म्हणाली. "एकट्याने सोडू पाहणारे बरेचसे पुन्हा ओढायला लागतात. म्हणून इथे यायचं. बायकांनाही घेऊन या. त्या न्हाणीघरात लपून ओढतात आणि लाजेने येत नाहीत. सांगा त्यांना, इथे कुणी हसणार नाही."

पिन्हासने मान खाली घातली.

"आणि पाकीट? आज आणून द्यायचं ठरलं होतं."

त्याने खिशातून अर्धं संपलेलं पाकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं. त्याच्यासोबत तांदळाचे दोन-तीन दाणे टेबलावर सांडले.

पिन्हासने जन्मात कधी सिगारेट ओढली नव्हती. आणि तांदळाचा डबा घरात आपल्याशिवाय कुणी उघडत नाही, असं रिबेकाला आज संध्याकाळपर्यंत वाटत होतं.