टाकीवरची बाग

पाणी सोडायच्या लोखंडी चावीचा पहिला फटका तुळाजी चावीवाल्यानं हातावर झेलला. दुसरा पाठीत बसला, तसा तो बागेच्या हिरवळीवर कोसळला.

"रोज सकाळी नळ फुसफुसतो, म्हणजे तू पाणी सोडतोस आणि लगेच कोंडतोस! आम्ही तहानेनं मरायचं आणि बाग हिरवीगार?" हौसाक्का गरजली. मागं अख्खी वस्ती रिकाम्या घागरी घेऊन उभी होती.

"बागेला सांडपाणी गाळून देतात, अक्का." तो रक्त थुंकला. त्याच्या आज्यानं टेकडीच्या पोटात वस्तीच्या पाण्याची ही टाकी खोदली होती. बापाच्या देखत तिच्यावर स्लॅब घातला गेला, त्यावर ही बाग फुलली. आता बायकांनी कारंज्यामागचं टाकीचं झाकण उचकटलं आणि हौसाक्कानं आत धोंडा टाकला.

धोंडा ठण्णकन कोरड्या तळाशी आपटला.

"पंधरा दिवस थेंब नाही आत," तुळाजी पुटपुटला.

"मग रोज चावी कशाला फिरवत होतास?"

"नुसती हवा सुटायची, अक्का. पण नळ फुसफुसला की तुम्ही आशेनं घागरी लावून बसायचात. मला तेवढंच बरं वाटायचं."

हौसाक्कानं चावी पुन्हा उचलली. या खेपेस त्यानं हात आडवा घातला नाही.