शेवटचं अक्षर

फलकने भिंग जवळ ओढलं आणि चिपवरचा नंबर पुन्हा वाचला. आकडे बरोबर होते. फक्त शेवटचं अक्षर वेगळं होतं.

चिप ज्या पेटीतली होती, ती जिनिंग मिलमधल्या कापसाच्या सरकत्या पट्ट्याला वीज पुरवायची. आत दोन पॉवर सप्लाय. दोन्हींनी मिळून विजेचा भार उचलायचा, आणि त्यांच्यातली वाटणी ही चिप सांभाळायची. दिवाळीनंतर पेटी दुरुस्तीला आली तेव्हा खामगावात बीटी कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. जिनिंगला घाई होती. नेमकी तीच चिप मिळेना, म्हणून फलकने तिच्यासारखीच दिसणारी बसवली. काम तर तेच करते, असं तिला वाटलं.

आता पेटी तपासायला परत आली होती. तिने ती टेबलावर चालू करून मुद्दाम बिघाड केला. पेटी बंद पडली. आधीची चिप असती तर कुणी बटण दाबेपर्यंत ती बंदच राहिली असती. फलक बघत राहिली. आत टक् असा आवाज झाला आणि पेटीवरचा दिवा आपोआप लागला.

पेटी चालू म्हणजे पट्टाही चालू. याच पट्ट्यात जिनिंगमधल्या मजूर जनकाबाईची बोटं गेली होती.

तेवढ्यात जिनिंगचे मॅनेजर माणिकराव दुकानात आले. "पेटी ठीक हाये ना, पोरी? बाईनं चालू पट्ट्यात हात घातला. पेटी काय करन त्याले?"

"हो," फलक म्हणाली. "उद्या घेऊन जा."

ते गेले. तो "हो" मात्र गेला नाही. आईने पाठवलेला डबा तिने उघडलासुद्धा नाही. गिऱ्हाईक काय विचारत होतं तेही तिला कळेना. दुपारी तिने शटर ओढलं आणि जलंबच्या वाटेवरची जनकाबाईची वस्ती गाठली.

बोंडअळीने शेत खाल्लं तेव्हापासून जनकाबाई जिनिंगला जायची. ओसरीवर ती पट्टी बांधलेला हात सांभाळत बसली होती. नवरा कचरू शेजारी होता. फलकने विचारायच्या आधीच तो बोलला, "हिचं ध्यानच नसते कामात. म्हने पट्टा बंद होता. बंद पट्टा बोटं नेते का?"

जनकाबाई खाली मान घालून ऐकत होती. रोजचंच असल्यासारखं.

फलक उभ्या उभ्याच बोलली. बसायची तिला लाज वाटली.

"मावशी, पट्टा बंदच पडला होता. मी पेटीत चुकीची चिप बसवली. त्याच्यानं तो आपोआप चालू झाला. चुकी माझी आहे."

आता शिव्या पडतील म्हणून ती वाट बघू लागली. पडायलाच हव्या होत्या.

जनकाबाईने मान वर केली. "बंद होता न?"

"हो."

"बंदच होता न, पोरी?" तिने नवऱ्याकडे पाहिलं. कचरूने तोंड फिरवलं.

मग ती फलककडे वळली. आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं.

"अन् मी तं काल माणिकरावाचे पाय धरून आली. म्हनलं, चुकी मायीच हाये, मले माफ करा."