पापणी

दहा मिनिटं कॅमेरा उघडा ठेवला, की हलणारी माणसं फोटोत उमटत नाहीत. त्यामुळेच फोटोग्राफरच्या फोटोंत भर दुपारचे कारखानेही ओस दिसत आणि ते फोटो नावाजले जात. "तुझ्या पायाला भिंगरी, तू काही कधी उमटायची नाहीस," असा टोमणा तो बायकोला मारी.

आज त्याने टेबलावरच्या तीन सफरचंदांचा फोटो काढला. डार्करूममध्ये कागदावर सफरचंदं उमटली, आणि मागच्या खुर्चीत बायको. अगदी रेखीव, पापणीही न हललेली.

त्याने तिला हाक मारली. "तू कधी येऊन बसलीस?"

फोटो बघून तिचा चेहरा उतरला. "मी सकाळपासून स्वयंपाकघरात आहे. अहो, फाडा तो."

"कशाला? ही तुझ्यापेक्षा बरी, गप्प तरी बसते."

ती चहा करायला गेली. कपात चमचा वाजू लागला. फोटो कायमचा पक्का करणाऱ्या पाण्यात त्याने तो कागद बुडवला.

चमचा थांबला.

स्वयंपाकघरात ती कपावर वाकून उभी होती. पापणी हलत नव्हती. कपातला चहा मात्र अजून गरगर फिरत होता.

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग खिडकीतल्या उजेडाकडे, आणि तो लगबगीने कॅमेरा आणायला गेला.