नऊ मतांची गादी

नऊ मतं! फक्त नऊ मतांनी पडले! शकीलभाईंनी निकालाच्या यादीवरून पुन्हा बोट फिरवलं. सगळं गाव त्यांच्या बाजूनं होतं. घसरलं ते एकट्या माळीपुऱ्यात.

आणि माळीपुरा तर त्यांच्या हक्काचा! पाच वर्षं नगराध्यक्ष असताना त्यांनी तिथं घरोघरी नळ आणले. बीटी कपाशीला बोंडअळीनं खाल्लं, त्या साली माळीपुऱ्यातल्या शेतकऱ्यांना घेऊन ते तहसीलवर जाऊन बसले. पंचनाम्याचा हुकूम निघेपर्यंत उठले नाहीत. ‘पिंजाऱ्यानं गादी भरावी, गादीवर बसू नये,’ असं विरोधक भोंग्यावर ओरडत होते, तेव्हा ह्याच गल्लीतल्या बाया विरोधकांवर धावून गेल्या होत्या.

“काऊन केलं असंल त्याहीनं असं?” ते बायकोला म्हणाले.

“मले काय पुसता? त्याहीले पुसा,” अख्तरी म्हणाली. “घरात बसून यादी पिंजून काय होते?”

शकीलभाई निघाले. माळीपुऱ्याच्या तोंडाशी मात्र पाय आपोआप हळू झाले. पूर्वी ते इथं कापूस पिंजायचं धनुष्यासारखं पिंजण खांद्यावर घेऊन यायचे. त्याच्या ताणलेल्या तातीवर बोट मारलं की टुंईईई असा आवाज थेट गल्लीच्या टोकापर्यंत जायचा आणि घराघरांतून गाद्या बाहेर पडायच्या. मग लिंबाखाली बसून पिंजणं सुरू. कापूस असा उडायचा, असा उडायचा, की शकीलभाईंच्या मिशा पांढऱ्याफटक व्हायच्या. “आला पाहा म्हतारा!” म्हणून बाया हसून बेजार! नगराध्यक्ष झाले आणि कार्यकर्त्यांनी ते पिंजण माळ्यावर टाकायला लावलं. म्हणे, साहेबांना शोभत नाही.

पहिलंच घर सरस्वतीबाईंचं. त्या ओसरीवर मेथी निवडत होत्या.

“मावशी, खरं सांगा. मत कोनाले देल्लं?”

सरस्वतीबाईंनी नजरसुद्धा चुकवली नाही. “तुले नाही देल्लं.”

शकीलभाई ओसरीच्या पायरीवर टेकले. “माह्यं काय चुकलं, मावशी?”

सरस्वतीबाई उठून आत गेल्या. एक गादी फरफटत बाहेर घेऊन आल्या आणि त्यांच्या पायाशी टाकली. शकीलभाईंनी आपला टाका लगेच ओळखला. निवृत्तीच्या, म्हणजे सरस्वतीबाईंच्या मुलाच्या लग्नातली गादी! बीटी यायच्या आधीची. त्यांनी हात फिरवला. आत नुसते गोळे, दगडासारखे.

“आमच्या वावरातला देशी कापूस हाय हा,” सरस्वतीबाई म्हणाल्या. “आता जिकडंतिकडं बीटी. असा कापूस पुन्हा भेटत नाही, मंग फेकाव कसा? शेजारच्या अन्नपूर्णेनं तिचा मशीनवर पिंजून आनला, तर त्याचा पार भुसा झाला. पाच वर्सं झाले, सारी गल्ली ह्या गोळ्याईवर झोपून राह्यली.”

“मंग मले एक आवाज द्यायचा ना! मी काय नाही म्हनलो असतो?”

तेवढ्यात मागून काहीतरी घासल्याचा आवाज आला. शकीलभाईंनी वळून पाहिलं. दारादारांतून बाया गाद्या ओढत लिंबाकडे निघाल्या होत्या.

“नगराध्यक्षाले गादी पिंज, असं कसं म्हनाव बाप्पा?” सरस्वतीबाई म्हणाल्या. “म्हनून तर पाडलं तुले!”