एकुलता डावा हात

दोन्ही हात समोर धरा बरं. आता मनातल्या मनात उजव्या हाताचा हातमोजा डाव्या हातात चढवा. बसत नाही ना? अंगठा भलतीकडेच जातो. तर अशी कल्पना करा, की डोळ्यांना न दिसणारे औषधाचे कणही असेच डावे-उजवे असतात, आणि एक आई आत्ता स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, चिखलाने माखलेल्या बोटांनी, भराभर मातीचे डावे हात घडवते आहे.

शेजारी तिची मुलगी. सापडेल ते साठवते म्हणून घरात तिला खारू म्हणतात. उद्या शाळेत खारूला आईचं काम सांगायचं होतं. आई प्रयोगशाळेत इंडोल नावाच्या पदार्थाला फ्लोरीन जोडून औषध बनवायची. त्याचा उजवा कण दुखणं बरं करतो, डावा उलट बाधतो. म्हणून तिने एक उत्प्रेरक शोधला होता. चिमूटभर टाकला की उजवेच कण घडवणारा साचा म्हणा ना. शंभरात जेमतेम एक डावा निघायचा. म्हणून खारूने ताटभर उजवे हात केले होते आणि कडेला एकच डावा.

"हा कशाला ठेवलास गं?" आईने परवा मुद्दाम विचारलं होतं.

"कारण तो असतो."

आईने तिचा गालगुच्चा घेतला होता. "शाब्बास! या एकामुळेच बाकीचे खरे वाटतात."

पण आज सगळंच फिरलं. तयार झालेला माल शुद्ध करायला आई तो पांढऱ्या भुकटीने भरलेल्या उंच काचेच्या नळीतून सोडायची. खाली बाटल्या भरत जायच्या. पहिल्या बाटल्या स्वच्छ निघत, त्याच ती तपासायची. शेवटच्या गढूळ, त्या टाकून द्यायची. आज माल कमी पडला, म्हणून तिने सगळ्या बाटल्या एकत्र करून तपासल्या. चौथा हिस्सा डावा! फ्लोरीनवाल्या कणांची ही खोड तिच्या कधी लक्षातच आली नव्हती. नळीत डाव्या-उजव्यांच्या जोड्या जमत आणि मागे रेंगाळत. जोडीदार न मिळालेले उजवे तेवढे आधी खाली उतरत. साच्याचं म्हणून जे कौतुक झालं, ते निम्मं त्या नळीचं होतं. इतके दिवस डावे कण ती स्वतःच्याच हाताने फेकत आली होती.

घरी येऊन तिने हे खारूला जसंच्या तसं सांगितलं.

"मग डावे वाढवायला हवेत," खारू म्हणाली. "माती आहे की!"

म्हणून दोघी बसल्या होत्या. तेवढ्यात फोन वाजला. आईचे हात बरबटलेले, खारूनेच कोपराने स्पीकर लावला. पलीकडे आईचे साहेब होते.

"बाई, तुमचा निरोप वाचला. हे काय नवीन खूळ?"

"खूळ नाही सर. सगळ्या बाटल्या धरल्या तर चौथा हिस्सा..."

"शेवटच्या बाटल्या धरायला सांगितल्या कोणी? त्या उत्प्रेरकावरचा आपला लेख छापायला गेलाय. सोमवारच्या बैठकीत तुम्हाला नोकरीत कायम करायचा विषय आहे. मी काय सांगू तिथे? आमच्या बाईंना डावं-उजवं कळत नाही?"

आईने खारूकडे पाहिलं. मग भिंतीकडे पाहिलं.

"बोला लवकर. कोणत्या बाटल्या धरायच्या?"

"पहिल्याच, सर."

"आता कसं शहाण्यासारखं बोललात!"

फोन बंद झाला. आई उठली आणि नळाखाली हात धुऊ लागली. माती केव्हाच गेली होती, तरी पाणी वाहतच होतं.

"आई, मग हे डावे?"

"राहू देत गं. आधी होतं तसंच ताट ने." आईने मागे वळून पाहिलं नाही. "विचारलं कोणी, तर शंभरात एक, म्हणून सांग."

खारूने मान डोलावली. नुकतेच केलेले ओले डावे हात तिने एकात एक दाबून टाकले. मग ताटाच्या कडेचा तो जुना, एकुलता डावा हात उचलला. तो सुकत आला होता, म्हणून तिने त्याला थोडं पाणी लावलं. मुठीत घट्ट दाबून त्याचा गोळा केला, आणि त्या गोळ्यातून एक सुबक उजवा हात घडवला.