उपाशीपोटी

माझी बायको सरोजिनी वारल्यानंतर पहिल्यांदाच सी-स्कीम भागातल्या लॅबमध्ये रक्त द्यायला गेलो. हृदयाचा आजार माझा. त्यामुळे स्ट्रोकचा धोका किती, ते अधूनमधून रक्त तपासून बघतात.

सुई काढताना लॅबमधल्या रणजीतने विचारलं, "अंकलजी, आज आंटीजी नहीं आईं?"

सोबत आलेल्या माझ्या मुलीनेच, मैथिलीने सांगितलं, "मम्मी नहीं रहीं, भैया. स्ट्रोक आया था."

त्याने माझ्या हातावर कापूस दाबला. "पर बीमार तो अंकलजी थे!"

संध्याकाळी मैथिली रिपोर्ट घेऊन आली. "बाबा, सगळं नॉर्मल. मतलब, धोका एकदम कमी."

"फेकून दे तो कागद."

"असं काय करता? आई किती खूश झाली असती!"

"खूश!" मी ओरडलो. "माझं रक्त काढेपर्यंत ती चहासुद्धा घ्यायची नाही. तुम्ही उपाशी, मग मी कशी पिऊ, म्हणायची. दर वेळी माझ्या शेजारी उपाशीपोटी बसायची. समोर सुई घेऊन माणूस उभा असायचा. कुणी एकदा तरी म्हटलं का, बाई, तुमचाही हात पुढे करा?"